गच्चीवर वाळवलेला दगड

प्रिय अण्णा,

तुझा तो दगड खरा कितीला पडला, ते परवा कळलं. वजन सहा किलो. धुवायला मला लागला एक तास. वाळायला लागली एक दुपार. आणि तुझे गेले बेचाळीस दिवस, म्हणजे त्या दुपारनंतर तुझ्याजवळ जेवढे होते तेवढे सगळे.

तू गेल्याला तीन महिने होत आले. पत्र लिहायचं मनात नव्हतं. मी लिहिणारा माणूस नव्हे, आणि तुझ्याशी बोलायला मला कागद कधी लागला नाही. पण परवा मी मुंबईच्या सलीमभाईला फोन केला. म्हटलं, अण्णांनी तुमच्या दुकानातून जे जे मागवलं ते परत घेऊन जा, खाऱ्या पाण्याची टाकी आम्ही काय करायची? तो म्हणाला, "साहेब, आता सर नाहीत म्हणून सांगतो." आणि त्यानं सांगितलं. मी माझ्या दुकानात होतो, चौदा माणसं काम करत होती. त्यांच्यादेखत मी ते ऐकलं.

अण्णा, तू मला का सांगितलं नाहीस?

श्रावणात मी तुला जयसिंगपूरहून माझ्याकडं घेऊन आलो. वहिनी गेल्यापासून तू एकटा, त्यात हे दुखणं. डॉक्टर आपल्या दोघांसमोर म्हणाले, हृदयाचं पंपिंग फार कमी झालंय, दिवाळीपर्यंत बघू. पंप आणि मोटारी दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला, आणि त्या खोलीत मला हात कुठं ठेवावेत ते कळेना. गाडीत मी विचारलं, "काय पाहिजे सांग. काशी, रामेश्वर, म्हणशील तिथं नेतो."

तू म्हणालास, "खाऱ्या पाण्याची टाकी. त्यात एक मासा, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा. त्यानं माझ्यादेखत दाणा खाल्ला की झालं."

"अरे, माणसं नातवंडं मागतात."

"नातवंडं बोलतात," तू म्हणालास.

एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंस, प्रयोगशाळेत गोड्या पाण्यातले मासे पाळलेस, पण खारं पाणी जमवायचं राहून गेलं होतं. मला हे कधी माहीतही नव्हतं. भावाला काय हवंय हे विचारायला डॉक्टरांनी मुदत द्यावी लागते का?

टाकी आली, फिल्टरचं पाणी भरलं, त्यात ते समुद्राचं मीठ मोजून विरघळवलं. मी त्याच संध्याकाळी मासा आणायला निघालो. तू थांबवलंस. "पाणी खारट झालं म्हणून समुद्र होत नाही, बाळू." मग शाळेतल्यासारखं समजावलंस. माशाच्या घाणीतून अमोनिया होतो, तो माशाला आतून जाळतो. तो अमोनिया खाणारे बारीक जीव टाकीत आधी वस्तीला यावे लागतात. आपोआप यायला दोन महिने लागतात. आणि दोन महिन्यांची खात्री तुलाही नव्हती, मलाही नव्हती.

म्हणून लाइव्ह रॉक, जिवंत दगड. समुद्रातून तोडलेला नको, दुकानाच्या टाकीत दोन वर्षं मुरलेला, असं तू सलीमभाईला बजावलंस. तसल्या दगडाच्या भोकाभोकांत ते जीव आधीच राहत असतात. दगड टाकीत गेला की पंधरा-वीस दिवसांत मासा सोडता येतो. दसऱ्याच्या आत मासा, असं आपलं ठरलं. पितृपंधरवड्याच्या पहिल्याच दिवशी बसनं दगड आला, ओल्या कागदात गुंडाळून, थर्माकोलच्या खोक्यात. तू तो स्वतःच्या हातानं टाकीत ठेवलास. दोन दिवसांनी तुला दम लागला आणि छातीतलं पाणी उतरवायला तुला दवाखान्यात ठेवलं.

तेव्हाच आमच्याकडं घटाची धुणी चालली होती. घट बसायच्या आधी आपल्याकडं घरातली कुठली वस्तू धुवायची राहत नाही, हे तुला का सांगायला हवं? डबे, पितळी, पडदे, गोधड्या. तुझी भावजय शैला बायकांबरोबर पांघरुणांचा ढीग घेऊन पंचगंगेवर गेली होती. घरी मी एकटा. सोप्यात, घट मांडायच्या जागेपासून चार हातांवर, तुझी टाकी. त्यात तो दगड, हिरवा, तपकिरी, बुळबुळीत. त्यातून एक अळी डोकं काढून हलत होती. वास तर मासळी बाजारातला. मला वाटलं, छातीचा पेशंट उद्या घरी येणार आणि त्यानं ही घाण हुंगत बसायचं?

काढला बाहेर. नळाखाली धरला. घासणीनं निघेना म्हणून दुकानातला तारेचा ब्रश आणला. तासभर घासला. साबण लावला नाही, एवढं शहाणपण मात्र केलं. मग गच्चीवर गोधड्यांच्या शेजारी कडकडीत उन्हात वाळवला. संध्याकाळी टाकीत ठेवला तेव्हा तो पांढराफेक झाला होता आणि मी स्वतःवर खूश होतो.

दुसऱ्या दिवशी तू आलास. टाकीपुढं उभा राहिलास.

"कुणी धुतला?"

"मी. काय काय निघालं बघायला पाहिजे होतंस. वाळवलाय बी."

तू खुर्चीत बसलास आणि म्हणालास, "छान केलंस."

पोरांच्या वह्यांवर तू हेच लिहायचास ना? मला आठवतंय, ज्यांचं सगळं चुकलेलं असायचं त्यांच्याही वहीत एखाद्या ओळीखाली तू लाल शाईनं हे लिहायचास. तेव्हा मी तुला हसायचो.

त्यानंतर घरी जो येईल त्याला मी तो दगड दाखवला. दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्यांना दाखवला. "बघा, कसा चकाचक केलाय." आणि तू शेजारी बसून मान हलवायचास, "बाळूनं धुतलाय." रोज सकाळी तू काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचास, नळी हिरवी व्हायची. मी विचारायचो, "हिरवं म्हणजे?" तू म्हणायचास, "म्हणजे चाललंय अजून." मी दुकानाला निघून जायचो.

लोकांना मी काय सांगत आलो तुला ठाऊक आहे. टेम्पोतून उतरवलेली मोटार एकदा फिरवली की आवाजावरून बिघाड सांगतो, आणि या घरात माझ्या कानाला कळल्याशिवाय पान हलत नाही. ते खोटं नव्हतं. टाकीचा पंप हवा ओढत होता ते मी वरच्या मजल्यावरून ओळखलं होतं. मी घरात पाऊल टाकलं की तू आणि शैला बोलता बोलता थांबता, हेही कानाला कळलं होतं. मला वाटलं, दवाखान्याचं काही असेल, मला घोर नको म्हणून गप्प होत असाल. मी उलटा तुमच्यावर खूश व्हायचो.

धनत्रयोदशीला मला राहवलं नाही. म्हटलं, "उद्या मासा आणतो. मेला तर मेला. तू एकदा बघ तरी." तेव्हा तू आवाज चढवलास, या घरात पहिल्यांदा. "मेला तर मेला म्हणजे? जळून मरणारा मासा बघायचाय का मला?" एवढं बोलायलाही तुला दम लागला. मी पाणी आणायला गेलो. तेही तुला दिवसाला मोजूनच होतं.

पाडव्याच्या सकाळी तू गेलास. टाकीत पाणी, वाळू आणि माझा पांढरा दगड.

आता सलीमभाई काय म्हणाला ते ऐक. म्हणाला, "दवाखान्यातून आले त्याच दिवशी सरांनी फोन केला. म्हणाले, दगड मेला, आता पुन्हा पहिल्यापासून. मी म्हटलं, आजच्या गाडीनं दुसरा पाठवतो. तर म्हणाले, नको. दुसरा आला की धाकटा विचारेल, पहिल्याला काय झालं. त्याला कळलं तर तो स्वतःला खाईल. राहू द्या, वाट बघू."

दुसरा दगड दोन दिवसांत आला असता. दसऱ्याला नाही तर कोजागिरीला मासा आला असता. तुझ्यादेखत त्यानं दाणा खाल्ला असता. तू कोजागिरीला चांगला बसता-उठता होतास, आमच्याबरोबर मसाल्याचं दूध घोटभर प्यायलास. एवढा वेळ होता आपल्याकडं. तू तो माझ्यावर घालवलास. कुणी सांगितलं होतं?

एका बाजूला तुझा मासा आणि दुसऱ्या बाजूला माझी लाज, यात तू माझी लाज राखलीस. लोक म्हणतील, केवढं मोठं मन. मला नाही तसं वाटत. मला वाटतं तू मला कधी मोठा होऊच दिलं नाहीस. साठीला आलेल्या माणसाला एक चूक पेलणार नाही, अशी माझी पारख केलीस.

आणि वाईट हे की पारख बरोबर होती. हातकणंगल्याच्या शेतकऱ्याच्या मोटारीची तार माझ्या हातून उलटी गुंडाळली गेली आणि मोटार पहिल्याच दिवशी जळाली, ते तुला आठवत असणार. माझ्या जुन्या कारागिरानं चार गिऱ्हाइकांत ते बोलून दाखवलं. मी त्याला त्याच दिवशी काढला. मग चार दिवस जेवलो नाही. तू जयसिंगपूरहून येऊन मला भरवलंस. हसतखेळत राहणारा माणूस म्हणून गाव मला ओळखतं, पण माझं चुकलं हे मला सांगायला कुणी धजत नाही. तू तरी कसा धजणार होतास?

एक विचारू? मी त्या दगडाचं कौतुक करत होतो तेव्हा तुला एकदा तरी माझा राग आला होता का? आला असेल तर बरं होईल. तू नुसता सोसत बसला होतास हे मला झेपत नाही.

टाकी मोडत नाही. सलीमभाईला दगड सांगितलाय. आला की तो कितीही घाणेरडा असो, मी बोट लावणार नाही. नळीचा रंग पिवळा होईपर्यंत, म्हणजे अमोनिया संपेपर्यंत, मासा आणणार नाही. आणि दुसरं वचन जास्त अवघड आहे. यापुढं माझी चूक जो मला तोंडावर सांगेल, त्याच्यावर मी आवाज चढवणार नाही, रुसून ताटावरून उठणार नाही.

वचन लिहून झालं आणि म्हटलं, लगेच करून बघू. शैला भाजी निवडत होती. विचारलं, "त्या दगडाचं तुला ठाऊक होतं?"

तिनं मान वर केली नाही. "व्हय."

"कधीपास्नं?"

"तुम्ही अण्णांस्नी दवाखान्यातनं आणलं त्याच दिवसापास्नं. त्यांनीच सांगितलं की. तुमच्यापुढं कुणी दगडाचा विषय काढायचा न्हाय म्हणून."

"कुणी म्हणजे? अजून कुणाला ठाऊक होतं?"

"पोरांस्नी. शेजारी. तुमच्या दुकानातल्या माणसांस्नी बी."

मी आवाज चढवला नाही, अण्णा. बेचाळीस दिवस सगळ्यांना माहीत होतं. माहीत नसलेला मी एकटाच होतो.

तुझा,
बाळू