पार पाडायचं

४ फेब्रुवारी

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. मी फोन करत नाही म्हणून रुसू नकोस. मागच्या खेपेला मी "गच्ची गळते" म्हटलं, तू "बच्ची पळते" ऐकलंस आणि कुणाची बच्ची, कुणाबरोबर, याची चौकशी संपता संपेना. टेलिफोनच्या बोर्डावर बसून अख्ख्या इमारतीची बोलणी जोडून देणाऱ्या बाईला आता फोनवरच ऐकू येत नाही, यावर तू स्वतःच हसतेस म्हणून मीही हसते. तर आपलं पत्रच बरं.

लंबूचं म्हणशील, तर काम जोरात आहे. शहरातली पहिली उंच इमारत म्हणून पाटीवर तिचं भारदस्त नाव आहे, पण तुझ्यामुळे माझ्या तोंडी लंबूच बसलंय. परवा सभेतही तेच बाहेर पडलं आणि मालकांच्या वकिलांनी चष्म्यावरून पाहिलं. कचेऱ्या गेल्यापासून रिकामं पडलेलं हे धूड आता परत माणसांनी भरायचं आहे. माझ्या आराखड्यात तळाला दुकानं आणि वाचनालय, मध्ये दवाखाने नि छोट्या कामाच्या जागा, वर घरं. पाडून नवं बांधायचं तर किती सिमेंट आणि लोखंड खर्ची घालायचं, त्यापेक्षा आहे तेच नीट करायचं, हे पटवण्यात माझे केस पांढरे झाले.

गंमत म्हणजे मूळ बांधणाऱ्यांना सगळं कळत होतं. इमारतीच्या पोटातून तळापासून गच्चीपर्यंत एक पोकळ धुराडं जातं. खिडक्या उघड्या असल्या की गरम हवा त्यातून आपली आपण वर निघून जाते. पुढे थंड हवेची यंत्रं आली आणि शहाण्यांनी सगळ्या खिडक्या खिळे ठोकून बंद केल्या. तुझ्या बोर्डामागचीही. यंत्रांची हवा तुझ्या कोपऱ्यापर्यंत पोचायचीच नाही, म्हणून नोकरीभर तू जिच्यासमोर बसून घाम पुसलास ना, तीच. त्या सगळ्या आता उघडायच्या आहेत.

एक काळजी मात्र आहे. कोपऱ्यावरचे दगड काढले तर आतल्या लोखंडी खांबांवर गंज निघाला. जुना पाइप झिरपत होता. गंज वरवरचा असेल तर ठीक. खोल असेल तर मालक टपलेलेच आहेत पाडायला. तपासणी झाली की पुढच्या आठवड्यात सभा. इथे पूर्वी काम केलेल्यांसाठी काही घरं राखून ठेवलीत, आणि त्यात एकोणिसाव्या मजल्यावरचं, तुझ्या बोर्डाच्याच खोलीतलं, तुझं आहे. तेव्हा सभा होईपर्यंत भाऊमामाकडे राहायला जायला हो म्हणू नकोस.

तुझ्या रागालोभाची सवय असलेली,
घाईबाई


८ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

भाऊला कसं थोपवू सांग. घरमालकाचा मुलगा परत येतोय, त्याला या महिनाअखेर माझ्या दोन्ही खोल्या हव्यात. हे कळल्यापासून तुझा मामा रोज निरोप धाडतो, की अक्का, खोली तयार आहे. खोली मला माहीत आहे. कॉट सोडली तर सगळीकडे त्याचे उघडून ठेवलेले रेडिओ. त्याच्या मते मला ऐकू येत नाही हे दोघांच्याही सोयीचंच आहे.

माया आहे गं त्याची. तो मला उन्हात ठेवणार नाही की उपाशी ठेवणार नाही. पण या वयात सकाळी उठून चहा करू का असं विचारायचं, आणि दिवा मालवताना कुणाला अडचण नाही ना हे बघायचं! मला कुणाकडे राहायचं नाहीये. मला नुसतं राहायचंय. हे त्याला सांगितलं तर त्याला लागेल, म्हणून तुला सांगते.

काय ते ठरलं की स्पष्ट कळव. आमच्या बोर्डावर शिस्त होती, निरोप घेतला की लगेच परत म्हणून दाखवायचा. तू लहानपणी साबण आण म्हटलं की "सा" ऐकूनच पळायचीस आणि साखर घेऊन यायचीस. नाव उगाच नाही पडलं.

खाणंपिणं वेळेवर कर, मग माझ्यावर माया कर.

तुझी मावशी


१३ फेब्रुवारी

ति. मावशीस,
सा. न.

उभ्याउभ्याच लिहितेय, टपाल घेऊन जाणारा दारात खोळंबलाय. सभा झाली. ठरलं एकदाचं. पार पाडायचं, आणि लगेच, आता अर्धवट काही ठेवायचं नाही. मला तिथेच रडू फुटलं. सगळे बघत होते, बघेनात का. सोमवारी यंत्रं येतायत, सुरुवात तुझ्या एकोणिसाव्यापासून. आता काही दिवस नुसती धूळ. तू आणखी वाट बघू नकोस, सामान बांधायला घे.

घाईत,
घाईबाई


१७ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. ठरलं ते ठरलं. तू रडत बसू नकोस. तुझ्याच्यानं झालं तेवढं तू केलंस, आणि मालकांच्या माणसांसमोर एकटी उभी राहिलीस, हेच मला पुष्कळ आहे.

सामान बांधलं. भाऊला हो कळवलं, तो आज मला न्यायला येतोय. शिवणयंत्र खालच्या शिंपिणीला देऊन टाकलं. त्या खोलीत रेडिओ आधी आलेत, मी नंतर, तेव्हा हट्ट त्यांचा.

एकच मागणं आहे. माझ्या बोर्डामागच्या खिडकीची पितळी कडी मला ठेव. एकदाही ती मला फिरवता आली नाही. धुळीत जायच्या आधी काढून घे, एवढं कर.

आणि जेवत जा.

तुझी मावशी


१८ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
मामाचे आशीर्वाद.

अक्का खाली शिंपिणीचा निरोप घ्यायला गेलीय, तेवढ्यात लिहून टाकतो. ती वर यायच्या आत पाकीट बंद व्हायला हवं.

लंबू पाडायचं ठरलं हे तुझं पत्र आल्यापासून ती फार शहाण्यासारखी वागतेय. मला त्याचीच धास्ती वाटते. काल मी तिचा पेला चुकीच्या खोक्यात भरला, तरी बोलली नाही. लहानपणापासून "पुन्हा बोल, नीट बोल" करून जिने माझा जीव खाल्ला, ती बाई गप्प!

मग मी तुझं पत्र मागून घेतलं. त्यात लिहिलंय, "पार पाडायचं." मी म्हटलं, अगं अक्का, पार पाडायचं म्हणजे तडीस न्यायचं असेल. तर म्हणते, तडीस न्यायला यंत्रं कशाला, धूळ कशाला आणि पोरगी रडेल कशाला? पार म्हणजे पार, मुळापासून पाडायचं. मी म्हटलं विचार तिला. तर नको म्हणाली. एवढ्या माणसांचे निरोप जिने ताडून घेतले, तिला स्वतःचा निरोप ताडून बघवत नाहीये.

तेव्हा काय पाडताय आणि काय पार पाडताय ते धडपणे माझ्या पत्त्यावर कळव. ती आली तर मला आनंदच आहे, रेडिओ कॉटखाली सरकवलेत. पण यायचं तर आपल्या मनाने येऊ दे. दुसरं दार बंद झालं म्हणून आलेली बहीण मला बघवायची नाही.

माझ्यावर राग धरू नकोस, धरलास तरी पत्र आधी टाक.

मामा


२२ फेब्रुवारी

ति. मावशीस,
सा. न. वि. वि.

आधी एवढंच वाच. इमारत पाडायची नाही. लंबू उभा राहणार. काम पार पाडायचं आहे. "काम" हा शब्द घाईत माझ्या पेनातच राहिला, आणि तुझं घर पडलं. कान धर माझे.

तुझं "रडत बसू नकोस" आणि कडीचं वाचून मी बुचकळ्यात पडले होते. मनात म्हटलं, जी कडी आपण घासूनपुसून तिथेच बसवतोय ती हिला काढून कशाला हवी? मामाचं पत्र आलं तेव्हा डोक्यात उजेड पडला आणि मी कॅन्टीनमध्ये एकटीच आधी हसले, मग हसणं राहिलं नाही.

आता सावकाश सांगते. गंज वरवरचा निघाला. यंत्रं आलीत ती तो खरवडायला. खांबांना नव्या पट्ट्या जोडल्या की काढलेला दगड न् दगड होता तिथे परत बसवायचा. सभेत रडले ती आनंदाने, हे लिहायला हवं होतं गं. नवीन लिफ्ट तर ऐकच. ती खाली उतरताना वीज तयार करते आणि जिन्यातल्या दिव्यांना देते. उताराला लागूनही घरात कामाची, अगदी तुझ्यासारखी.

काल तुझ्या खिडकीचे खिळे काढले. इतक्या वर्षांच्या रंगाने ती चौकटीला चिकटून बसली होती. सुतारकाकांनी पात्याने कडेकडेने सोडवली आणि मला म्हणाले, तुम्ही ढकला. मी म्हटलं, ढकलायचा मान दुसऱ्या कुणाचा आहे. मग शेजारची उघडली. खोलीभर तरंगणारी धूळ क्षणभर थबकली आणि सगळी मिळून सावकाश धुराड्याकडे चालू लागली. मग काका म्हणाले, लंबूने जांभई दिली.

तेव्हा तुझी खिडकी अजून मिटलेलीच आहे. कडी घासून लावलीय, आतल्या बाजूने. सामान बांध म्हटलं ते तुला महिनाअखेर खोल्या सोडायच्याच आहेत म्हणून, घर तयार व्हायला अजून थोडे महिने जातील. तोवर मामाकडे राहा, पाहुणी म्हणून. पाहुणीला चहाला विचारावं लागत नाही, तिला चहा आणून देतात. हे मामालाही वाचून दाखव.

इथून पुढे सबंध वाक्यं लिहिणारी,
तुझी घाईबाई


२७ फेब्रुवारी

चि. घाईबाईस,
अनेक आशीर्वाद, आणि कानही धरलेत असं समज.

तुझं पत्र भाऊने फाटकातच फोडलं आणि तिथूनच ओरडत आला. मला शब्द एक ऐकू आला नाही, पण त्याचा चेहरा लांबूनच ऐकू आला. मग मी ते स्वतः वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. बाकीचं तुला कशाला सांगू? उशी वाळत घातलीय.

चूक एकट्या तुझी नाही. निरोप ताडून न घेतल्याबद्दल बोर्डावर मला मेमो मिळाला असता. शिंपिणीला कळवलं, तर तिचं उत्तर आलं, की मावशी, यंत्र मी शिवायला नव्हे, सांभाळायलाच घेतलं होतं. म्हणजे मला माझं घर मिळणार हे मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

भाऊ आता मला पाहुणी म्हणून छळतोय. सकाळचा चहा बशीने झाकून आणतो आणि जाता जाता पाणचट झालाय का विचारतो. पाणचट असतो. मी गोड मानून पिते. जायचं नक्की झाल्यापासून इथे राहायला फार बरं वाटतंय, हे त्याला सांगितलं तर तो म्हणाला, अक्का, मलाही.

तर आता निरोप परत म्हणून दाखवते. नीट ताडून बघ. इमारत उभी आहे. काम पार पाडायचं आहे. घर एकोणिसाव्यावर. खिडकी मिटलेली आहे, पण खिळे निघालेत. कडी आतल्या बाजूने.

चुकलं असेल तर कळव. बरोबर असेल तर उत्तर धाडू नकोस, मीच येऊन उघडून बघते.

लोभ होताच, आता त्याला पत्ता मिळाला.

तुझी मावशी