आज्यांची शिरगणती

१० फेब्रु., मंगळ.
टी.वाय.चे तत्त्वज्ञानाचे पेपर तपासले. प्रश्न : 'अ प्रायोरी' म्हणजे काय? काहीही न बघता, नुसत्या विचाराने जे कळतं ते. निम्म्या वर्गाने 'आधीचे ज्ञान' लिहून हात झटकलेत. प्रज्ञाने मात्र लिहिलंय : "प्रत्येक सख्खी आजी आधी आई झालेलीच असते, हे कळायला सोसायटीतल्या आज्यांची शिरगणती लागत नाही." मागच्या बाकावरची मुलगी, वर्षभर तोंड उघडलेलं नाही. हे तिचं असणं शक्यच नाही. शिवाय वाक्य ओळखीचं आहे. कुठेतरी वाचलंय, नक्की.

११, बुध.
कॉपीचा अहवाल परीक्षा समितीकडे दिला. विभागप्रमुख देशमुख सर म्हणाले, "मूळ पुस्तक जोडा."

१३, शुक्र.
चार पुस्तकं चाळली. नाही. प्रज्ञा स्टाफरूमच्या दारात. "मॅडम, मी कॉपी नाही केली. माझ्या वहीत..." "जे काय असेल ते समितीला दाखव." येरवड्याच्या बसची वेळ झाली म्हणून गेली. दोषी ठरली तर वर्ष जाईल तिचं. माझा नाइलाज आहे.

१६, सोम.
सकाळी प्रज्ञा वही माझ्या टेबलावर ठेवून गेली. त्यात ऑगस्टमधलं माझं लेक्चर. आज्या, शिरगणती, सगळं. पुढे कंसात : 'मॅडम स्वतःच हसल्या.'
वाचलं नव्हतं. मीच बोलले होते!
वीस वर्षं हा विषय शिकवतेय, आणि समोरच्या मुलीला एक साधा प्रश्न विचारला नाही. भयंकर लाज वाटतेय.

१७, मंगळ.
देशमुख सर : "अहो, चूक लेखी कबूल केलीत तर चौकशी तुमचीच लागेल. प्रमोशन विसरा. 'पुस्तक सापडलं नाही' म्हणा, सुटेल ती."
सुटेल. पण पुरावा नव्हता म्हणून सुटली, असंच म्हणतील सगळे.
दोन्ही पत्रं लिहिली : एक कबुलीचं, एक 'पुस्तक सापडलं नाही'चं.

१८, बुध.
समितीच्या खोलीबाहेर बाकावर बसून लिहितेय. पर्समध्ये दोन पत्रं. समोर प्रज्ञा आणि तिचे वडील, कंपनीच्या गणवेशातच आलेले. मला बघून उठले, हात जोडले. "पोरीकडनं चूक झाली असंल तर पदरात घ्या, मॅडम." मी "बसा" म्हणाले. प्रज्ञा माझ्याकडेच बघतेय. मी परत केलेली वही मांडीवर.
शिपायाने पुकारलं. आधी मला.