मास्तरचं नाक आणि तुझा लाल स्वेटर

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय धाकट्या,

तू खुशाल असशील असं धरून चालते. आज लाँड्री बंद आहे आणि कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून एवढं मोठं पत्र. शेवटी तुझ्याकडे एक वस्तू मागणार आहे. आतापासूनच नाही म्हणायची तयारी करू नकोस.

आपल्याकडे कुत्रा आलाय. हो, आपल्याकडेच, जिथे चादरीवर मुंगी चढली तरी बाबा घर डोक्यावर घ्यायचे. आणि कुत्रा तरी केवढा? ब्लडहाउंड. वजन पंचेचाळीस किलो, म्हणजे ओल्या चादरींचा एक गठ्ठा. हनुवटी इस्त्रीच्या टेबलावर आरामात टेकते. कान इतके लांब की पाणी प्यायला वाकला की आधी कानच भिजतात. चेहरा सदा नापासांचे पेपर तपासत असल्यासारखा, म्हणून नाव ठेवलं मास्तर. हरवलेली माणसं शोधणाऱ्या पथकात होता. मालक दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेला, तिथे हा मावेना. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आपलं मागचं अंगण आणि उंच भिंत पाहिली नि दोरी माझ्या हातात दिली.

त्याचं करता करता दमछाक होते, पण मजा येते. एका वेळी पोटभर घालायचं नाही, दोनदा थोडं थोडं, आणि जेवल्यावर तासभर पळू द्यायचं नाही. या जातीचं पोट फुगून पिळवटतं नि त्यात जीव जातो. तोंडावरच्या घड्या रोज कोरड्या फडक्याने पुसायच्या, नाहीतर चिघळतात. कानही साफ करायचे. लाळेचं तर विचारू नकोस. परवा हॉटेलच्या बारा अभ्र्यांसमोर मान झटकली आणि माझी अख्खी सकाळ पाण्यात गेली. रागावले, तर असा बघत राहिला की शेवटी मीच माफी मागितली. स्वभावाने गरीब गाय. फक्त एकदा वास लागला की कानांचं काम संपलं, मग हाका मारून घसा सुकवा. म्हणून दोरीशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नाही.

आता गेल्या मंगळवारचं सांगते. सकाळी अकराला बघते तर बाबा घरात नाहीत, फाटक उघडं. तू म्हणशील, गेले असतील फिरायला. थांब, त्यावर येते. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, मास्तरला बाबांचा न धुतलेला कपडा हुंगायला दे. आता आपल्या घरात न धुतलेला कपडा कुठून आणू? अंगातून निघाला की मशिनीत, ही बाबांचीच शिकवण. अभ्रा सकाळीच बदललेला, टॉवेल दोरीवर, चपला त्यांच्या पायात. शेकडो कपड्यांच्या ढिगात उभी राहून मला रडू यायला लागलं. मग आठवलं, त्यांच्या उशीखाली तुझा लाल स्वेटर आहे.

'लोकांच्या मळक्या कपड्यांत आयुष्य घालवणार नाही' म्हणून तू गेलास, त्या दिवशी खुंटीवर राहिलेला. तुला 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' म्हणणारे बाबा सात वर्षं तो उशाशी घेऊन झोपतात. मी कितीदा धुवायला मागितला. दरवेळी एकच उत्तर, "नको. त्याचा वास जाईल."

मास्तरने स्वेटरात तोंड खुपसलं आणि जो निघाला, तो निघालाच. मी रबरी बूट आणि ओल्या एप्रनसकट मागून फरफटत. खाटकाच्या दुकानासमोरून गेला, मान वळली नाही. बेकरीपाशी दोन गोल चकरा मारल्या, मला वाटलं संपलं. तर रस्ता ओलांडून थेट बस डेपोत, फलाट चार. बाकावर बाबा. मास्तरने त्यांच्या मांडीवर हनुवटी टेकवली आणि पँटची पार वाट लावली. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी सगळ्या प्रवाशांसमोर त्या कुत्र्याचा मुका घेतला.

बाबांच्या हातात कागदात बांधलेला इस्त्रीचा शर्ट होता, कुणातरी गिऱ्हाइकाचा. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आमच्या धाकट्याची बस इथेच लागते ना? त्याचा शर्ट द्यायचाय."

मला बाई म्हणाले.

त्यांचं हे विसरणं सुरू होऊन दोन वर्षं झाली. तुझ्या प्रत्येक पत्राला मी 'बाबा मजेत' एवढंच लिहीत आले. तू चार ओळींत विचारायचास, मी दोन शब्दांत मिटवायची. तुझ्यावर राग होता. सगळं माझ्यावर टाकून गेलास, मग तुला कशाला सांगू, असं वाटायचं. ते चुकलं माझं.

आणि दुसरी चूक, जी तीन पानं टाळत आले. त्या संध्याकाळी आनंदाच्या भरात मी बाबांची पँट, माझा एप्रन, लाळेने भिजलेलं सगळं मशिनीत घातलं. त्यात स्वेटरही गेला. हाताने सवयीने उचलला, डोक्याला कळलंच नाही. झोपताना बाबांनी तो नाकाशी धरला, नीट घडी घातली आणि मला परत दिला. "हा त्याचा नाही," म्हणाले. तेव्हापासून रोज सकाळी फाटकाची कडी चाचपतात.

तुझा वास त्यातून कधीचाच उडून गेला होता रे. त्यांचाच होता, म्हणून तर मास्तरला ते सापडले. पण हे त्यांना पटवणार कोण?

तर वस्तू ही, तुझा अंगात घालून झालेला एक शर्ट. कॉलर मळलेली असेल तर उत्तम. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांध. टपालाला पाच दिवस लागतात. बसला आठ तास. बाबा तुझा चेहरा ओळखतील अशी हमी मी देत नाही, पण शर्टाबद्दल मला खात्री आहे. आम्ही तिघं फलाट चारवर उभे राहू.

धुऊ नकोस. अंगातच घालून ये.

मळक्या शर्टाची वाट बघणारी,
तुझी ताई