यादीतलं पाचवं नाव

लाडक्या डिल्सियाताई,

हे पत्र पोचेल तेव्हा आई आणि तू चुलीपाशी सुखरूप असाल, एवढीच देवापाशी मागणी.

मी बरा आहे. कोंबड्यांच्या कारखान्यात नवे हातमोजे मिळाले. आईचा खोकला कसा आहे? धरणवाल्यांचे पहारेकरी अजून नदीवर बसतात का?

इथली माणसं दर शुक्रवारी एव्हेलियोदादाचा फोटो घेऊन आपल्या देशाच्या वकिलातीसमोर उभी राहतात. आधी तीस होती, आता सहा. त्यातली हॅरिएट म्हातारी मला म्हणते, "काय रे काटक्या, जेवतोस की नुसता थंडीत वाळतोस?" आणि खिशातून उकडलेलं अंडं काढून देते.

इथपर्यंत आईला वाचून दाखव. पुढचं तुझ्यापुरतं.

काल म्हातारीने नदीसाठी धरणवाल्यांशी लढून मेलेल्यांची नावं पुकारली. आपण मयताला ओरडतो तसं प्रत्येक नावाला सगळे "हजर" म्हणाले. पाचवं नाव दादाचं होतं.

मी म्हटलं, "आजी, तो मेला नाही. पहारेकऱ्यांनी नेलाय, सापडत नाही एवढंच."

तिचा चेहरा पडला. "मला वाटलं, हा मान असतो रे." तिने पेन काढलं. "खोडते हं."

ताई, त्याला नेऊन सात महिने झाले. माझ्या तोंडून निघालं, "राहू दे."

आई अजून त्याच्या वाट्याच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवते का? ठेवू दे. तिला अडवू नकोस.

तुझा धाकटा,
ओत्निएल