दादाचा ट्रक चौक गावातून हलणार नाही

चि. देवेश,

आशीर्वाद देते, पण आज जिवावर येऊन.

दादाने जमवलेल्या जुन्या लष्करी गाड्या जपेन, असं त्याच्या पश्चात तूच म्हणालास. मग जीप खोपोलीच्या वरातीला दिलीस आणि ती सोनेरी होऊन परत आली. बॉनेटवरचं पलटणीचं चिन्ह दादा साध्या फडक्यानेही जपून पुसायचा. तुझ्या पेंटरने ते सरळ घासून काढलं. वर मला विचारतोस, "आत्या, कशी नवी दिसते ना?" अरे, युद्ध पाहून आलेली गाडी आहे ती, करवली नव्हे!

काल ट्रक न्यायला ड्रायव्हर पाठवलास. बिचारा दुपारभर खटपट करून घामाघूम झाला.

"आत्याबाई, सुरूच व्हत नाय. परवा तर चालू व्हता!"

"वय झालं रे त्याचं," मी म्हटलं. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी खोटं न बोलायला शिकवलं होतं. आणि वय झालंच आहे.

दादाने मात्र वेगळं शिकवलं. लष्करी ड्रायव्हर गाडी सोडून जाताना इंजिनातला रोटर काढून खिशात ठेवायचे, म्हणजे शत्रूच्या हाती लागली तरी ती सुरू होत नसे. एवढासा तुकडा. सध्या तो माझ्या पर्समध्ये आहे, रक्तदाबाच्या गोळ्यांशेजारी.

तुला शत्रू म्हणायला जीभ रेटत नाही, देवेश. पण रोटर मी परत बसवणार नाही. आणि तो कुठे आहे हे तुला कळू नये, म्हणून हे पत्रही टाकणार नाही.

तुझ्यावर भयंकर चिडलेली,
हेमलता आत्या