पान दोनशे बाराच्या पुढे

चि. नम्रतास,

मावशीचे आशीर्वाद. तुझी मान कशी आहे? (ग्रंथपालाने जाड पुस्तकं खालच्या फळीवर ठेवावीत, हे मी कधीपासून सांगतेय.) माझा घसा सोडला तर इकडे सगळं ठीक.

घशाचं कारण असं. बंदराजवळच्या एका शेडमध्ये वीसेक बायका कोळंबी सोलतात. हात गुंतलेले, कान रिकामे. असे कान रेडिओवरच्या जाहिरातींना सोडून देणं मला अपराध वाटला (यावर मी गणपतीपुळ्याच्या मेळाव्यात पाऊण तास बोलले, जेवणं लांबली). म्हणून रोज दुपारी मी तिथे एक थोर कादंबरी मोठ्याने वाचू लागले. नायिका खंबीर होती. आपल्याकडे खंबीर म्हणजे काय, तर तिने नवरा सोसला, सासू सोसली, दुष्काळही सोसला. माझा आवाज तुला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी अख्खी शेड रडू लागली. आता कोळंबीच्या हाताने डोळे पुसले की काय होतं, हे एकाही समीक्षकाने लिहिलेलं नाही! सगळ्याजणी नळावर आणि माल बर्फाबाहेर. त्यात पान दोनशे बारावर नायिकेने विहिरीत उडी घेतली. आवडाबाई (वय पन्नास, होडीवर वाढलेली) सोलायची थांबली.

"बाई, हिला पोवता येत नाय?"

मी म्हटलं, प्रश्न पोहण्याचा नाही, समाजाचा आहे.

"समाज ऱ्हाऊ दे काठावर. ही वर का येत नाय?"

मुकादम गंगारामने बजावलं, उद्या हसवणारं आणा, नायतर रेडिओ लावतो. मी तडक वाचनालयात गेले. तिथला दीपेश म्हणाला, विनोदी कादंबऱ्या आहेत, पण त्यांत बायका फक्त चहा आणतात. ज्यांत चहा आणत नाहीत, त्यांत शेवटी मरतात. मी टेबलावर मूठ आपटली (शिक्का उडाला, माझ्या साडीवर परतीची तारीख उमटली).

तेव्हा ज्यांत बाई हसवते, लढते आणि शेवटच्या पानावर जिवंत असते, अशा निदान पाच कादंबऱ्या धाड.

तुझी,
ज्ञानेश्वरीमावशी

ता. क. हे पत्र दहा दिवस पिशवीतच राहिलं. दुसऱ्या दिवशी गंगारामचं बोट रेडिओच्या बटणावर पाहून मी तेच पुस्तक उघडलं आणि वाचलं, की ती बुडी मारून सासूची हरवलेली कळशी घेऊन वर आली आणि कळशी परत द्यायला तिने अटी घातल्या. शेड हसली. तेव्हापासून मी पुस्तकात नाही ते रोज वाचतेय. सध्या नायिकेच्या दोन होड्या आहेत. गंगाराम वजनकाटा सोडून ऐकत बसतो.

ता. क. २. आवडाबाईची धाकटी लेक तेजस्वी दहावीला नापास झाल्यापासून पुस्तकाला शिवली नव्हती. काल आईचा डबा घेऊन आली, तासभर ऐकत उभी राहिली आणि म्हणाली, "रविवारी तुमच्या जागी मी वाचू? पुस्तक द्याल?" मी हो म्हणून बसले. पुस्तकात ती बाई अजून विहिरीच्या तळाशी आहे! म्हणून कादंबऱ्या नकोत. सोबत ते पुस्तक आणि मी लिहून काढलेली नव्वद पानं पाठवतेय. ती टाइप कर, दोनशे बारानंतरची पानं काढून तिथे शिव आणि शनिवारच्या गाडीने धाड. कोणी विचारलं तर सांग, सुधारित आवृत्ती आहे.