लेकुरवाळा दगड

प्रिय खारूताई,

चारचौघांत या नावाने हाक मारली की तुला राग येतो, पण इथे आपण दोघंच आहोत. दुकानात आलेला प्रत्येक नवा खडा आधी तुझ्या गालात जायचा आणि मग तू निकाल द्यायचीस, हा खारट, हा शहाणा, हा उगाच. एकदा तू गारगोटी गिळलीस, तेव्हा ती बाहेर येईपर्यंत आईने माझ्याशी अबोला धरला होता.

परवा तुझ्या नवऱ्याचा फोन आला. दवाखान्यातून घरी आल्यापासून तू नीट जेवत नाहीस, बाळाचा विषय निघाला की उठून जातेस, म्हणाला. खड्यांविषयी मी तासभर बडबडेन, पण पोटच्या पोरीला धीर द्यायचा म्हटलं की माझी दातखीळ बसते. म्हणून लिहितो आहे.

दुकान तू पाहिलंस तसंच आहे. खिडकीतल्या फळीवर वाईट स्वप्नं पळवणारे जांभळे स्फटिक, तान्ह्यांच्या दातांसाठी अंबरचे मणी, उंबऱ्यावर ठेवायचं खडेमीठ, नजरेसाठी तुरटी. शेजारचा घड्याळवाला अजून माझी टिंगल करतो, आणि प्रवासाला निघाला की गुपचूप येऊन खिशात चंद्रमणी टाकून नेतो. माणसाला मुठीत धरायला काहीतरी लागतं, एवढंच मला या धंद्यात कळलं.

आणि खालच्या खणात ते लेकुरवाळे दगड. बाहेरून अगदी साधे, तपकिरी. आत पोकळ, आणि त्या पोकळीत एक सुटा खडा. हलवला की खुळखुळतो. पोटुशी बाईने दंडाला बांधायचा, बाळंत होईपर्यंत क्षणभरही सोडायचा नाही, असं माझे वडील गिऱ्हाइकांना बजावायचे, तेच मीही बजावत आलो. त्यापुढे माझं ठरलेलं वाक्य असायचं, "माझ्या बायकोने बांधला होता, आणि ही बघा माझी लेक." तू कोपऱ्यात गाल फुगवून बसलेली असायचीस. तुझी गोड बातमी कळली तेव्हा सगळा खण उपसून त्यातला सर्वांत गोल दगड मी तुला पाठवला. मऊ दोरी आईने निवडली. ती तेव्हा गालातल्या गालात का हसत होती, ते मला आत्ता कळलं.

तुझ्या नवऱ्याने फोन ठेवता ठेवता अडखळत सांगितलं, "ती म्हणते, मी आंघोळीला जाताना दगड काढून ठेवला, म्हणून बाळ गेलं." डॉक्टरीणबाईंनी तुला समजावलं, त्यानेही समजावलं, पण तू ऐकत नाहीस. कशी ऐकशील? लहानपणापासून तू माझंच ऐकत आलीस. मी हे आईला सांगितलं. तिने गॅस बंद केला, पदराला हात पुसले आणि म्हणाली, "तुमचा तो दगड मी एकच रात्र बांधला होता. कूस बदलली की खुळखुळायचा, झोप लागेना. सकाळी साखरेच्या डब्यात टाकला. ही जन्मली तेव्हाही तो तिथेच होता." मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, विचारलं, तर म्हणे, तुम्ही किती कौतुकाने सांगायचात. म्हणजे मी आयुष्यभर काउंटरवर उभा राहून छातीठोकपणे एका साखरेच्या डब्याचे गुण गात होतो. मला हसू आलं, आणि मग हसता हसता रडूच कोसळलं. काल एका बाईने विचारलं, आंघोळीला काढला तर चालेल ना? म्हटलं, खुशाल काढा, तो सोबतीला आहे, पहाऱ्याला नाही. हे तुला आधी सांगायला हवं होतं. आई उद्या सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघते आहे. दगड ठेव, नाहीतर फेकून दे, तुझी मर्जी. माझ्यावर विश्वास बसला नाही तर तिलाच विचार. दगड दंडावर नव्हता आणि तू आलीस. आमचं नातवंड गेलं, त्याचं दुःख आपण सगळे मिळून करू. पण तुझ्या हातून काहीही सुटलेलं नाही, बाळा.

तुझाच, साखरेच्या डब्यासमोर हरलेला,
बाबा